पार्श्वभूमी: पारपटलावरचे ठिपके, ग्रेड आणि तिचा भरवसा

म्हापशाच्या दवाखान्यातून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पाठवलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर 'स्टेनिंग ग्रेड 2' (डोळ्यात रंग घातल्यावर उमटणाऱ्या ठिपक्यांची प्रतवारी) एवढंच लिहिलं असेल, तर त्या 2 वरून फारसं काही ठरवता येत नाही. पारपटलावर (कॉर्नियावर) 7 ठिपके दिसले तर ऑक्सफर्ड पद्धतीत ग्रेड 1 येते आणि स्योग्रेन आजारासाठीच्या (यात डोळे आणि तोंड कोरडं पडतं) ओएसएस, म्हणजे ऑक्युलर स्टेनिंग स्कोअर, पद्धतीत 2. ठिपके 300 झाले तर ऑक्सफर्डमध्ये 4, ओएसएसमध्ये 3. डोळा तोच असतो, आकडे मात्र वेगळे. हा गोंधळ समजायचा तर या पद्धती कशा जन्मल्या ते पाहावं लागतं.

फ्लुरोसीन (निळ्या प्रकाशात चमकणारा, जखमी जागी उमटणारा रंग) आडोल्फ फॉन बायर यांनी 1871 मध्ये बनवलं आणि 1880 च्या दशकात ते डोळ्यात वापरात आलं. तेव्हा प्रश्न साधा होता: जखम आहे की नाही? पुढे बाटलीतल्या द्रावणात स्यूडोमोनास जंतू वाढतात हे लक्षात आलं. जखमी पारपटलावर हे जंतू फारच घातक. म्हणून 1951 मध्ये किमुरा यांनी फ्लुरोसीनची कागदी पट्टी सुचवली.

'किती' हा प्रश्न कोरड्या डोळ्यांमुळे आला. फान बायस्टरफेल्ड यांनी 1969 मध्ये रोझ बेंगॉल हा दुसरा रंग वापरून नाकाकडचा पांढरा भाग, पारपटल आणि कानाकडचा पांढरा भाग यांना प्रत्येकी 0 ते 3 गुण दिले, एकूण 9. 1995 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या कार्यशाळेतून आलेल्या पद्धतीत पारपटलाचे पाच भाग झाले, एकूण गुण 15. ऑक्सफर्डचं तुलनेसाठीचं चित्र 2003 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या चौकटींत साधारण 10, 32, 100 आणि 316 ठिपके आहेत, म्हणजे दर पायरीला तिपटीहून थोडी जास्त वाढ. 2010 च्या ओएसएसने थेट मोजणी धरली: 1 ते 5 ठिपक्यांना 1 गुण, 6 ते 30 ला 2, त्यापुढे 3. ठिपके एकमेकांत मिसळले, बाहुलीसमोर आले किंवा पारपटलाला धागे चिकटलेले दिसले, तर प्रत्येकी एक गुण जास्त.

यांपैकी प्रत्येक पद्धत वेगळ्या कामासाठी घडली. ओएसएस निदानाला बरी. उपचाराने 300 चे 100 ठिपके झाले तर तिचा मूळ गुण 3 वर तसाच राहतो. बेली आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये हेच दाखवलं: पायऱ्या जाड असल्या की दोन तपासण्यांचे आकडे छान जुळतात, पण बारीक बदल हातून निसटतो. म्हणून 2.3, 2.6 असे दशांश वापरावेत. जुळलेले आकडे म्हणजे चांगली मोजपट्टी, असं समजणं मला धोक्याचं वाटतं. बहुतेक डोळे 0 चेच असतील तर दोन डॉक्टर योगायोगानेही जुळतात. तो योगायोग वजा करण्यासाठी कोहेन यांनी 1960 मध्ये कॅपा हे जुळण्याचं माप आणि 1968 मध्ये भारित कॅपा (मोठ्या फरकाला जास्त वजन देणारा) मांडला. एकाच तपासणाऱ्याचे दोन वेळचे आकडे सहसा जास्त जुळतात, दोघांचे कमी. त्यामुळे पाठपुराव्याला शक्यतो तोच तपासणारा असावा.

खरी चूक पुष्कळदा चित्राशी तुलना करण्याआधीच झालेली असते. पट्टीवर सलाइनचा एक थेंब घालून जादा पाणी झटकावं आणि खालची पापणी ओढून आतल्या बाजूला पट्टी हलकेच टेकवावी. रंग फार दाट पडला तर तो चमकतच नाही, काळपट दिसतो. मग ठिपके कमी मोजले जातात. डोळे मिचकावून घ्यावेत आणि साधारण दोन मिनिटांनी, दोन्ही डोळ्यांना सारखाच वेळ देऊन, निळ्या प्रकाशात पाहावं. स्लिट लॅम्पच्या (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या) पाहायच्या भिंगासमोर पिवळा फिल्टर हवाच. तो नसला तर फिकट ठिपके निळ्या उजेडात हरवतात. शर्मर चाचणी (कागदी पट्टीने अश्रू मोजणं), बधिर करणारे थेंब आणि डोळ्याचा दाब मोजणं हे सगळं नंतर, कारण त्यांनीही ठिपके उमटतात. एप्रिलच्या उन्हात स्कूटरवरून आलेल्या रुग्णाला आधी थोडा वेळ बसवावं, पंख्याच्या थेट झोतात मात्र नको.

नोंद अशी असावी: 'ऑक्सफर्ड 2/5, फ्लुरोसीन पट्टी, 2 मिनिटं, पिवळा फिल्टर'. फोटो काढून संगणकाने ठिपके मोजले तरी हे तपशील लागतातच, कारण मिसळलेले ठिपके संगणक एकच धरू शकतो आणि पापणीकाठी साचलेला रंग त्यालाही फसवतो.