ईएसआर वाढला म्हणजे टीबी नव्हे

जळगाव-धुळ्याकडे लॅबचा रिपोर्ट हातात पडला की ईएसआरचा आकडा बघून घरात कुजबुज सुरू होते, ‘टीबी तर नाही ना?’ हा समज जुना आहे आणि चुकीचाही.

उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या, तेवढंच ईएसआर सांगतो. अंगात कुठे दाह (आतली सूज) असला की रक्तातलं फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढतं, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात आणि भराभर खाली बसतात. पण रक्त कमी असणं, गरोदरपण, वाढतं वय यांनीही आकडा चढतो. साठीच्या बाईचा ३५ आला तर घाबरायचं काय? फुप्फुसाचा टीबी पकडायला थुंकी तपासावी लागते.

उलटही घडतं, आणि ते जास्त फसवं. नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे. विळ्यासारख्या पेशींची चळत लागतच नाही, त्यामुळे दाह असूनही ईएसआर कमीच दिसू शकतो.

दाह दाखवणारी दुसरी तपासणी सीआरपीची; हे प्रथिन यकृतात तयार होतं. ते काही तासांत चढतं, आजार हटला की झपाट्याने उतरतं. ईएसआर मात्र ताप गेल्यावरही काही आठवडे रेंगाळतो. तो उतरला का हे बघायला दर चार दिवसांनी सुई टोचून घेऊ नका.