बाळंतपणाच्या रजेचा पगार कोणाच्या खिशातून? हे भांडण १०० वर्षं जुनं आहे

ओळखीचे एक काका आहेत, एमआयडीसीत त्यांचं छोटंसं युनिट, सगळे मिळून १४ जण. मागच्या महिन्यात फोन आला, अकाउंट्स बघणाऱ्या मुलीने गोड बातमी दिलीय, अभिनंदन वगैरे केलं म्हणाले, पण आता सहा महिने तिला घरबसल्या पगार द्यायचा आणि तिच्या जागी आणखी एक माणूस ठेवायचं म्हणजे डबल खर्च, हा कायदा कोणी एसी केबिनमध्ये बसून काढला रे? त्यांना म्हटलं काका, एसी केबिन नाही, हे प्रकरण आपल्या मुंबईच्या गिरण्यांतून निघालंय, आणि तुम्ही जे आत्ता बोलताय ना ते तेव्हाचे गिरणीमालकही बोलत होते.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, ही पहिलीच. तिथे बाळंतपणाचा करार झाला: आधी ६ आठवडे, नंतर ६ आठवडे, आणि त्या काळात बाईला पैसे मिळाले पाहिजेत. हे पैसे सरकारी तिजोरीतून नाहीतर विम्यातून द्यावेत, असं त्या करारातच लिहिलं होतं. मालकाने एकट्याने द्यावेत असं कुठेही नव्हतं. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढची सगळी रड त्याचीच आहे. हिंदुस्थान सरकारला मात्र, आधी तुमच्याकडच्या परिस्थितीचा अभ्यास करा, एवढंच सांगितलं गेलं. हिंदुस्थानाने तेव्हा सही केली नाहीच.

मग मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या एका डॉक्टर बाईंना गिरणीकामगार बायकांची पाहणी करायला नेमलं, १९२२ मध्ये त्यांची माहिती छापून आली. ती वाचली की आजही कसंतरी होतं. बायका अगदी शेवटच्या दिवसांपर्यंत कामावर, बाळंत झाल्यावर जेमतेम अंगात जीव आला की परत खात्यात, आणि तान्हं बाळ एक तर चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत नाहीतर गिरणीतच कापसाच्या धुळीत. त्याने दिवसभर रडू नये म्हणून बाळगोळी. बाळगोळी म्हणजे अफू. अशा बायकांच्या १०० बाळांतल्या ९८ बाळांना अफू दिली जाते असं बार्न्सबाईंनी लिहून ठेवलंय. आया वाईट होत्या म्हणून नव्हे हो, खाडा झाला की पगार कापला जायचा आणि नायकिणीची (बायकांवरच्या मुकादमबाईची) मर्जी गेली की जागाच जायची, मग दुसरं करणार काय.

कामगार पुढारी ना. म. जोशी स्वतः वॉशिंग्टनच्या परिषदेला जाऊन आले होते. त्यांनी १९२४ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीत प्रसूती लाभाचं बिल आणलं, ते पडलं. मग आसवले नावाच्या सभासदांनी मुंबईच्या कौन्सिलात, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळात, वेगळं बिल आणलं आणि तिथे २८ जुलै १९२८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय, तर धंद्यावर बोजा पडेल. बाबासाहेबांनी हा मुद्दा झटकून टाकला नाही, हेच मला फार आवडतं. लोकांचं कल्याण बघणं हे मुळात सरकारचं काम आहे, त्यामुळे हा बोजा बराचसा सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्यच केलं. पण म्हणून मालक सुटतो असं नाही, कारण तो बायकांना कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा आहे म्हणून, मग त्या फायद्याबरोबर थोडा भारही घ्यावा. आज एचआरवाले पन्नास स्लाइड करून जे सांगतात ते दोन वाक्यांत!

१९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला, देशातला पहिला. मिळालं किती, तर ७ आठवडे, ३ आधी आणि ४ नंतर, दिवसाला फार तर आठ आणे, आणि तेही पूर्णपणे मालकाच्या खिशातून. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतात, म्हणजे आपलं नागपूरही ज्यात होतं तिथे तसाच कायदा आला, मग मद्रास वगैरे.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. पैसे मालकानेच द्यायचे ना, मग बाई गरोदर दिसली की आधीच कामावरून काढा, विधवा ठेवा, वय झालेल्या ठेवा, लग्न न झालेल्या ठेवा. हे माझं मत नाही, १९४४ ला नेमलेल्या रेगे समितीच्या पाहणीत हे प्रकार सापडले. गिरण्यांमधल्या बायका पुढे कमी होत गेल्या त्याला रात्रपाळीची बंदी, नवीन यंत्रं अशी बाकीही कारणं होती, पण हेही त्यातलं एक.

गंमत बघा, बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाले आणि त्यांच्याच खात्याने प्रा. आदारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करायला बसवलं. १९४४ मध्ये रिपोर्ट आला आणि त्यातूनच १९४८ चा ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा कायदा. मालक थोडे भरतो, कामगार थोडे भरतो, आणि बाई बाळंत झाली की पैसे विम्याच्या फंडातून येतात. म्हणजे वॉशिंग्टनला १९१९ मध्ये जे लिहिलं होतं तेच, २९ वर्षांनी. यात एखादी बाई ठेवली म्हणून त्या मालकाचं वेगळं नुकसान काहीच नाही. सगळ्यांना हेच लावलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

पण तसं झालं नाही. ईएसआयला पगाराची मर्यादा आहे, आणि त्याच्या बाहेर राहिलेल्यांसाठी १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला, १ नोव्हेंबर १९६३ पासून लागू. १२ आठवडे, पूर्ण पगारी, परत मालकाकडून. जुन्या पळवाटा बघूनच असेल, रजेच्या काळात काढून टाकणं बेकायदा ठरवलं. आधी १६० दिवस काम केलेलं असण्याची अट होती, ती १९८८ मध्ये ८० दिवसांवर आली. २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या रोजंदार बायकांचा निकाल लागला, सुप्रीम कोर्ट म्हणालं रोजंदारी असली तरी हक्क आहे. आणि २०२३ मध्ये, काँट्रॅक्टची मुदत मधेच संपली तरी लाभ पूर्ण द्यावा लागेल. तेव्हा ‘ती तर काँट्रॅक्टवर आहे’ हे कारण कोणी सांगू नका.

मोठी उडी २०१७ ची. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना २००८ मध्येच १८० दिवस दिले होते, तिजोरीतून. २०१७ ला तेच खासगीला लावलं, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर. पाळणाघराबद्दल एक बरं केलं, फॅक्टरी कायद्यात बायका किती त्यावर पाळणाघर ठरायचं (३० च्या वर बायका असतील तरच, म्हणजे ३० च ठेवा की झालं), इथे एकूण माणसं मोजायची, त्यामुळे बायका कमी ठेवून काही वाचत नाही. पण पगार? तो मालकावरच राहिला. २०१८ मध्ये यातले ७ आठवड्यांचे पैसे सरकारने काही मालकांना परत द्यावेत असा प्रस्ताव चर्चेत आला होता, तेवढंच. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, १९६१ चा कायदा तिच्यात गेला, पण २६ आठवडे तेच आणि खिसाही तोच.

तर काकांचा हिशोब. अकाउंट्सच्या मुलीला २४,०००. ईएसआयची मर्यादा २१,०००, म्हणजे ती बाहेर, सहा महिन्यांचे जवळपास दीड लाख काकांचे. मी विचारलं, मागच्या वर्षी पॅकिंगमधली बाई बाळंत झाली होती ना, तिला किती दिले? काका गप्प. मग म्हणाले, अरे तिचं ते ईएसआयमधून आलं असेल, मला काही खर्च आला नाही. एकाच शेडमधल्या दोघी, एकीचं फंडातून आणि दुसरीचं काकांच्या खिशातून.

थोडं थांबून म्हणाले, मग हिचा पगार कागदावर २१,००० च्या आत दाखवला तर?

काका, हिशोबाची वही तिच्याच हातात आहे, मी म्हटलं.