बिनतारी संवेदक जाळ्यांतील व्हिडिओ राउटिंग

बॅटरीवर चालणाऱ्या, कमी शक्तीच्या रेडिओ नोडच्या जाळ्यातून कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये एका नोडकडून दुसऱ्याकडे देत, सगळी माहिती जिथे जमा होते त्या संकलक नोडपर्यंत पोचवण्याचे तंत्र. वणव्यांवर पाळत, वन्यप्राण्यांचे निरीक्षण अशा तारा न पोचणाऱ्या ठिकाणच्या कामांसाठी त्याचा अभ्यास झाला. अकिलदिझ, मेलोदिया आणि मुंबईच्या व्हीजेटीआयचे माजी विद्यार्थी कौशिक चौधरी यांनी २००७ मध्ये घेतलेला या विषयाचा आढावा पुढच्या संशोधकांनी वारंवार आधाराला घेतला आहे.

ही जाळी मुळात तापमान, आर्द्रता असे चार-दोन बाइटचे आकडे वाहण्यासाठी बनली. कमी शक्तीच्या रेडिओसाठीच्या २००३ च्या आयईईई ८०२.१५.४ मानकात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातला वेग सेकंदाला २५० किलोबिट आहे आणि एका रेडिओ फ्रेमची कमाल लांबी १२७ बाइट. पत्ते आणि तपासणीचे बाइटही त्यातच बसवायचे. १७६ × १४४ बिंदूंचे साधे कृष्णधवल चित्र संपीडनाशिवाय, म्हणजे आवळून लहान न करता, २५,३४४ बाइटचे होते. रेडिओ फ्रेममागे १०० बाइट हाती लागले तरी एका चित्राची अडीचशेहून जास्त पॅकेट होतात आणि निव्वळ कागदी वेगाने एक टप्पा ओलांडायला ०.८ सेकंद लागतो. शिवाय नोडला एकाच वेळी ऐकता आणि बोलता येत नाही, आणि तो बोलत असताना त्याच चॅनेलवरच्या शेजाऱ्यांना गप्प बसावे लागते. त्यामुळे लांब साखळीत प्रत्यक्ष वेग एक तृतीयांशावर किंवा त्याहूनही खाली येतो. प्रत्येक टप्प्यावर ९५ टक्के पॅकेट पोचत असतील आणि पुनर्प्रेषण, म्हणजे हरवलेले पुन्हा पाठवणे, नसेल, तर पाच टप्प्यांनंतर सुमारे ७७ टक्केच उरतात.

म्हणून इथे सर्वांत कमी टप्प्यांचा मार्ग बहुधा चुकीचा ठरतो. टप्पे कमी म्हणजे प्रत्येक उडी लांब, आणि लांब उडीचा दुवा कच्चा. २००३ मध्ये मांडलेले ईटीएक्स हे मापक एक पॅकेट पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावे लागेल ते मोजते. २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या आरपीएल या राउटिंग प्रोटोकॉलमध्येही अशी मापके वापरता येतात, पण त्यात प्रत्येक नोड साधारणपणे एकच पसंतीचा पालक, म्हणजे संकलकाच्या दिशेचा पुढचा नोड, धरतो. तुरळक आकड्यांना हे पुरते. व्हिडिओचा लोंढा आला की त्या एका वाटेवरच्या रांगा तुंबतात.

वेळेचा विचार २००३ च्या स्पीड या प्रोटोकॉलने केला. कोणता शेजारी पॅकेटला संकलकाच्या दिशेने किती अंतर, किती विलंबात पुढे नेतो, यावरून तो निवड करतो. २००६ च्या एमएमस्पीडने त्यात वेगाचे अनेक स्तर आणि गरजेप्रमाणे अनेक मार्ग आणले. अनेक मार्गांचा उपाय दिसतो तितका सोपा नाही: दोन वाटा नकाशावर वेगळ्या असल्या, तरी जवळून जात असतील तर हवा एकच असते आणि त्या एकमेकींनाच अडवतात.

संपीडित व्हिडिओत सगळी पॅकेट सारख्या मोलाची नसतात. पूर्ण चित्र असलेल्या आय-फ्रेमवर, फक्त बदल नोंदवणाऱ्या पुढच्या फरक-फ्रेम उभ्या असतात. आय-फ्रेम बिघडली की पुढची आय-फ्रेम येईपर्यंतचे दृश्य विस्कटते. त्यामुळे आय-फ्रेमला भरवशाचा मार्ग आणि पुनर्प्रेषण, फरक-फ्रेमला उरलेला मार्ग, आणि उशीर झालेले पॅकेट वाटेतच सोडून देणे, अशी विभागणी केली जाते. इंटरनेटचा आयपी हा प्रोटोकॉल वापरल्यास आणखी एक अडचण येते. १२८० बाइटचे पॅकेट डझनाहून अधिक तुकड्यांत जाते आणि मूळ पद्धतीत एक तुकडा हरवला तरी सगळे वाया जाते. फक्त हरवलेले तुकडे पुन्हा मागवण्याची सोय २०२० च्या आरएफसी ८९३१ या इंटरनेट मानकात आली.

ऊर्जेचा हिशेबही वेगळा आहे. अनेक नोडमध्ये वापरलेली सीसी२४२० चिप पूर्ण शक्तीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेते, ऐकताना त्याहून किंचित जास्तच. संकलकाजवळच्या नोडना सगळ्यांचे ओझे वाहावे लागते, त्यांच्या बॅटऱ्या आधी संपतात आणि लांबचे धडधाकट नोडही तुटून पडतात.

पॉटी आणि कायझर या संशोधकांनी २००० मध्ये दाखवले, की एक किलोबिट १०० मीटर पाठवण्याच्या ऊर्जेत सुमारे ३० लाख संगणकीय आज्ञा चालवता येतात. या क्षेत्रातल्या अनेक चतुर प्रोटोकॉलपेक्षा हा एक आकडा जास्त उपयोगी आहे: हालचाल नसेल तर चित्र न पाठवणे किंवा फक्त बदललेला भाग पाठवणे हे मार्ग शोधण्याआधीचे काम ठरते. मात्र नेहमीच्या व्हिडिओ संपीडनाचा भार पाठवणाऱ्यावर पडतो. वायनर आणि झिव यांच्या १९७६ च्या संपीडनविषयक प्रमेयावर आधारलेली वितरित संकेतन पद्धत तो भार संकलकाकडे सरकवते.

प्रसिद्ध झालेले बरेच निष्कर्ष सिम्युलेटरमधले, म्हणजे संगणकावरच्या नकली जाळ्यातले, आहेत आणि तिथला रेडिओ बहुधा आज्ञाधारक असतो. पानांची दाटी, पाऊस, शेजारचे वाय-फाय यांचा हिशेब त्यात क्वचित असतो. दरम्यान एक गिगाहर्ट्झखालच्या वाय-फाय हेलो अर्थात ८०२.११एएच मानकाने सुमारे एक किलोमीटरचा पल्ला एकाच उडीत आणला. मोकळ्या जागी त्यामुळे मधल्या टप्प्यांची गरज कमी होते. दऱ्याखोऱ्यांत, बोगद्यांत आणि खाणींत ती राहते.