यूविना क्यू: स्क्रॅबलमधल्या एका दोनअक्षरी शब्दाची पार्श्वभूमी

अक्षरांच्या टाइल पटावर लावून इंग्रजी शब्द जुळवण्याच्या स्क्रॅबलमधला हा शब्द म्हणजे क्यू-आय. क्यूची टाइल एकच, १० गुणांची, आणि इंग्रजीत क्यूच्या मागे बहुधा यू लागतो. यू मात्र सगळ्या संचात चारच. ते चारही पटावर लागून गेले, किंवा समोरच्याने दाबून धरले, की क्यू हातात अडकतो. म्हणून यू न लागणारे क्यूचे छोटे शब्द ही पूर्वीपासून पाठांतराची बाब आहे.

खेळ सध्याच्या नावाने १९४८ मध्ये आला. पुढची तीस वर्षे 'घरात जो शब्दकोश असेल तो' हाच नियम होता. १९७८ मध्ये अमेरिकेत पाच कॉलेज-कोश एकत्र करून खेळासाठी स्वतंत्र यादी निघाली आणि शब्द चालतो की नाही हा वाद तिच्याकडे गेला. ब्रिटनने आपली वेगळी यादी केली. १९९१ पासूनच्या जागतिक स्पर्धेत दोन्ही चालत. भारतातल्या स्पर्धांत खेळतात ती त्या एकत्रीकरणातून पुढे आलेली आंतरराष्ट्रीय यादी, त्यामुळे अमेरिकन पुस्तकावरून पाठ केलेले इथे पुरत नाही.

या याद्यांतले यूविना शब्द मराठी माणसाला फारसे परके वाटू नयेत. एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे आपला फकीर. क्यू-ए-आय-डी म्हणजे 'कायदे-आझम'मधला कायद, म्हणजे नेता. टी-ए-एल-ए-क्यू म्हणजे तलाक, एन-आय-क्यू-ए-बी म्हणजे नकाब. क्यू-ए-टी ही येमेनमध्ये चघळतात ती पाने. पानातल्या काताशी त्यांचा संबंध नाही. क्यू-ए-एन-ए-टी हा इराणी पद्धतीचा भुयारी पाण्याचा पाट. औरंगाबादची नहर-ए-अंबरी त्याच जातीची. यांतला क्यू बहुतेक वेळा अरबी 'काफ' या अक्षराचे रोमन रूप आहे. म्हणून यातल्या काहींना के लावून लिहिलेले जोडीदारही आहेत: एफ-ए-के-आय-आर, के-ए-टी. हातात के असेल तर क्यू सुटण्यासाठी थांबायचे की ५ गुणांचा के वापरून मोकळे व्हायचे, हा निर्णय इथे येतो.

खरा वाद झाला तो क्यू-आय या दोन अक्षरांवरून. २००६ मध्ये अमेरिकन स्पर्धांच्या यादीत पाच नवे दोनअक्षरी शब्द आले आणि एकूण संख्या १०१ झाली. त्यांत हा होता, आणि पिझ्झाचे बोलीतले तोकडे रूप झेड-ए हाही. क्यू-आयचा अर्थ चिनी विचारातली प्राणशक्ती, इंग्रजी उच्चार 'ची'. गंमत अशी की हीच कल्पना जुन्या रोमन लेखनपद्धतीत सी-एच-आय अशी लिहीत. तीन अक्षरांचा तो शब्द ग्रीक अक्षराच्या नावाने यादीत आधीपासूनच होता. चीनने १९५८ मध्ये पिनयिन ही नवी रोमन लेखनपद्धती स्वीकारली. तिच्यात क्यू हे चिन्ह साधारण आपल्या 'छ'च्या उच्चारासाठी येते. जपानी वाचनातून झालेला के-आय हाही त्याच २००६ च्या खेपेत आला. म्हणजे एकाच चिनी चिन्हाने यादीला तीन शब्द पुरवले, त्यांतला एक दुसऱ्या अर्थाची पाटी लावून बसलेला.

विरोधकांचे म्हणणे होते की हा इंग्रजी शब्दच नव्हे. जुन्या नियमात परभाषी म्हणून नोंदलेले शब्द वर्ज्य होते, हे खरे. पण 'परभाषी' ही पाटी कोश लावतो, खेळाडू नव्हे. आणि फकीर ज्या यादीत बसतो तिच्यात प्राणशक्तीला जागा नाही, हे म्हणणे टिकत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार होता: पाठांतराचा फायदा स्वस्त झाला. कायद किंवा हिब्रू अक्षर क्यू-ओ-पी-एच शोधून काढणाऱ्याची आघाडी गेली, कारण आय नऊ आहेत आणि पटावर एखादा मोकळा सापडतोच.

गुणांचे गणितही बदलले. अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या चौकटीवर क्यू ठेवून त्याच्या उजवीकडे एक आणि खाली एक असे दोन आय जुळवले, तर दोन्ही दिशांना ३० अधिक १, म्हणजे ६२ गुण होतात, मात्र एका पाळीतल्या टाइल एकाच ओळीत लागत असल्याने त्या दोन आयपैकी एक तरी आधीच पटावर असावा लागतो. क्यू-आयच्या शेवटी एस जोडता येतो. सुरुवातीला मात्र काहीच लागत नाही, त्यामुळे डावीकडून किंवा वरून तो शब्द वाढत नाही. नवखे आणखी एक चूक करतात: क्यू-यू-ओ लावून बसतात, आणि अमेरिकन यादीत तो नाही. समोरच्याने शब्दाला आव्हान दिले, म्हणजे चॅलेंज झाले, की टाइल परत, पाळीही गेली.

तरीही क्यू धरून बसणे महागच. पिशवीत सातपेक्षा कमी टाइल उरल्या की बदलून घेता येत नाही. समोरच्याने आधी टाइल संपवल्या तर स्पर्धेत त्याला आपल्या उरलेल्या टाइलच्या दुप्पट गुण मिळतात, म्हणजे एकट्या क्यूचे २०. म्हणून पिशवीत पंधरा-सोळा टाइल असतानाच मोकळे आय आणि उरलेले यू मोजावेत. दोन्ही तंग दिसले तर त्याच पाळीत क्यू बदलावा.

यादी तिथे थांबली नाही. २०१४ मध्ये अमेरिकन दोनअक्षरी १०५ झाले. २०१८ च्या आवृत्तीत ई-डब्ल्यू आणि ओ-के आले आणि १०७ झाले. ओके हे संक्षेप की शब्द, यावर त्याआधी बरीच वर्षे भांडण होते. व्ही घेऊन दोनअक्षरी शब्द मात्र अजून एकही नाही, त्यामुळे व्हीच्या शेजारी समांतर शब्द लावायला जाऊ नये.