कांदा, अश्रुधूर आणि कातडीचं एकच दार

लासलगावचा कांदा चिरताना डोळे का झोंबतात, हे नाशिककराला कळलं की अश्रुधूर अर्धा समजला. कांद्यातून उठणारी वाफ चेतातंतूंवरचं 'टीआरपीए-१' नावाचं दार उघडते आणि मेंदूला जळजळीची वर्दी जाते. पोलिसांच्या नळकांड्यातलं 'सीएस' हे रसायनही तेच दार उघडतं. पण कांद्याची वाफ उडून जाते. सीएस मुळात वायूच नाही, ती बारीक पूड आहे. १९२८ साली कॉर्सन आणि स्टॉटन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी ती बनवली, त्यांच्या आडनावांची आद्याक्षरं म्हणजेच सीएस. घामेजलेल्या मानेवर, काखेत, पट्ट्याखाली ती चिकटून राहते. म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात कातडीला इजा जास्त.

यावर उतारा म्हणावा असं औषध नाही. पहिला उपाय पाण्याचाच: कपडे लगेच उतरवा, शक्यतो डोक्यावरून ओढून न काढता कापून काढा, आणि साबण लावून भरपूर वाहत्या पाण्याखाली अंग धुवा. पाणी पडताच क्षणभर आग वाढते. घाबरून थांबू नका. अंग धुण्याआधी तेल किंवा तूप चोळू नका, कारण ही पूड स्निग्ध पदार्थात विरघळते. ब्लीचिंग पावडरचं पाणी तर अजिबात नको, त्यानं फोड वाढतात.

औषधांची पाळी त्यानंतरची. लाली, सूज आणि खाज टिकली तर डॉक्टर स्टिरॉइडचं मलम देतात, खाजेसाठी अँटिहिस्टामिनच्या गोळ्या. फोड आले तर ते फोडायचे नाहीत, भाजल्याच्या जखमेसारखीच निगा राखायची. अँटिबायोटिक फक्त जखम चिघळली तरच. काहींना दोन-तीन दिवसांनी पुन्हा पुरळ उठतं. ती जळजळ नव्हे, अ‍ॅलर्जी असते आणि पुढच्या वेळी ती लवकर व जोरात येते. तेव्हा स्टिरॉइड पोटातूनही द्यावं लागू शकतं.

इथे मला कळकळीनं सांगायचंय: मेडिकलमधून स्वतःच मागून आणलेली, स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब लावू नका. नायटा असेल तर स्टिरॉइडमुळे तो झाकला जातो आणि पसरत राहतो. चेहऱ्यावर आणि जांघेत कातडी पातळ होते ती वेगळीच.

संशोधकांची नजर आता त्या दारावरच आहे. टीआरपीए-१ बंद करणारी रसायनं उंदरांना दिली, तेव्हा अश्रुधुराचा त्रास कमी झाला. माणसासाठी तसं औषध अजून बाजारात आलेलं नाही. तोवर घरातला नळ आणि साबणाची वडी.