हीटरपुढे वाळवलेला बूट

"ताई, हे शेकलेत का?"

नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या पायरीशी बसणाऱ्या मोचीकाकांनी बूट हातात घेतला, पुढच्या बाजूला अंगठा दाबला आणि मान वर न करताच विचारलं. मी "नाही" म्हणणार होते. पण करंगळीच्या वरच्या घडीतली बारीक चीर त्यांनी नखाने उघडून दाखवली आणि कबूल करावं लागलं. जुलैमधली रात्र, डेक्कनवरून घरी येईपर्यंत चिंब झालेले बूट आणि सकाळी ऑफिस. मी रूम हीटर लावला आणि जोडी त्याच्यापुढे ठेवून झोपले. 18,000 रुपयांचे बूट. सकाळपर्यंत अगदी खडखडीत वाळले होते.

माझी समजूत अशी की चामड्याचा शत्रू पाऊस. काकांचं म्हणणं वेगळं: गाय काय पावसात छत्री घेऊन फिरते? रसायनशास्त्रही त्यांच्याच बाजूचं निघालं.

चामडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन. त्याच्या तीन साखळ्या वेणीसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. या तिपेडी वेणीचं गणित 1954 साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडलं. साखळीतलं दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं, कारण वेणीच्या गाभ्यात त्याच्याहून मोठं काही मावतच नाही. अशा वेण्यांचे तंतू, तंतूंच्या जुड्या, आणि जुड्यांचा सगळ्या दिशांना झालेला गुंता. कापडाला उभा-आडवा धागा असतो म्हणून ते एका बाजूने टरकतं. चामड्याला अशी बाजूच नाही.

पण कच्चं कातडं पाण्यात 60-65 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की वेण्या सुटतात, कातडं झपकन आक्रसतं आणि त्याची वाटचाल जिलेटिनकडे सुरू होते. कातडं 'कमावणं' म्हणजे या वेण्यांना आणखी गाठी मारणं. जुन्नर-आंबेगावच्या जंगलात गोळा होणारा हिरडा आणि बाभळीची साल यांत टॅनिन असतं, ते तंतूंना धरून ठेवतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच दोन गोष्टींवर कमावलेलं. या पद्धतीला काही आठवडे लागतात आणि असं चामडं ओलं असताना साधारण 70 ते 85 अंशांपर्यंत तग धरतं. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. तिचं पहिलं यशस्वी पेटंट 1884 चं. काम जेमतेम दिवसाभराचं, आणि चामडं उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. जगातलं बहुतेक चामडं आज असंच कमावतात, महागड्या बुटांचं वरचं चामडंसुद्धा. माझे मात्र झाडाच्या सालीवर कमावलेले, म्हणजे नेमके नाजूक जातीचे.

हीटरच्या तापलेल्या कॉइलपासून वीतभर अंतरावर ओल्या चामड्याचा पृष्ठभाग किती तापला असेल, ते मी मोजलेलं नाही. मोजायची गरजही नाही. आक्रसण्याची पायरी गाठली नाही तरी नुकसान व्हायचं ते होतंच. कोरड्या दिसणाऱ्या चामड्यातही वजनाच्या दहा-पंधरा टक्के पाणी असतं. तंतूंमध्ये पाणी आणि तेल असतं म्हणून ते एकमेकांवर घसरतात. पाणी घाईने गेलं की तंतू जवळ येऊन चिकटतात आणि घसरणं बंद होतं. मग मी रोज सहा हजार पावलं चालणार, म्हणजे एकेक बूट तीन हजार वेळा त्याच रेषेत वाकणार. घसरता येत नसेल तर तंतूंपुढे तुटण्याशिवाय काय उरतं?

म्हणून आता पद्धत बदलली आहे. आत रद्दी कोंबायची, ओली झाली की बदलायची. बूट आडवे ठेवायचे, म्हणजे तळालाही वारा लागतो. वर पंखा, आणि दीड-दोन दिवस त्यांच्याकडे बघायचंही नाही. एकदा गॅलरीच्या लोखंडी जाळीवर ठेवले, तर तळावर गजांचे काळेभोर पट्टे उमटले. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, घालून आपल्याकडे पूर्वी काळी शाई करत. माझ्या जाळीचा गंज आणि चामड्यातलं टॅनिन यांनी तोच उद्योग केला होता.

पावसाळा संपला की दुसरा घोळ. कुणीतरी सांगितलं म्हणून बुटांना खोबरेल चोळलं. डिसेंबरच्या एका सकाळी पाहते तर त्यांच्यावर पांढरट थर. ऑगस्टमध्ये कपाटातल्या पर्सवर आला होता तसाच, म्हणजे बुरशी, असं धरून मी हळहळले. मग न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली दिसली: गोठलेली. खोबरेल 24 अंशांच्या खाली घट्ट होतं आणि पुण्याची डिसेंबरची पहाट त्याच्या कितीतरी खाली जाते. तेल चामड्यातून वर येऊन पृष्ठभागावर थिजलं होतं, इतकंच. ओळखायची युक्ती सोपी: हेअर ड्रायरची कोमट हवा दुरून क्षणभर द्यायची. तेल असेल तर थर विरघळून दिसेनासा होतो. बुरशी असेल तर ढिम्म हलत नाही. बुरशी घराबाहेर नेऊन ब्रशने झाडायची, घरात झाडली तर तिची बीजं शेजारच्या जोडीवर बसतात. खोबरेल मात्र केसांना आणि माशांच्या कालवणाला, बुटांना नको.

आता ती चीर करंगळीवरच का पडली? काकांनी मला बूट घालून उभं राहायला सांगितलं, बाजूने चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, "लांबीला बरोबर आहे, अंगाला नाही." बूट कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर ताणून बनतो. तो कुठे वाकणार हे कलबूतच ठरवतं: जिथे साच्याचा चवडा सगळ्यात रुंद, तिथे. आपल्या पायाचा रुंद भाग तिथेच आला तर घडी सरळ पडते. मागेपुढे झाला किंवा पाय दोन्ही बाजूंनी दाबला गेला, तर घडी तिरकी पडते आणि सगळा ताण एका कोपऱ्यात गोळा होतो. आपण दुकानात नंबर सांगतो, पण नंबर फक्त लांबीचा. ब्रिटिश मापात, आणि आपण तेच वापरतो, एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे साडेआठ मिलिमीटर. हे माप मूळचं जवाच्या दाण्याचं, तीन दाणे म्हणजे एक इंच. आपल्याकडेही आठ यवांचं एक अंगुळ होतंच. दोन्हीकडे जव, पण रुंदीचा हिशेब कुठेच नाही. डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशातल्या 79 ठिकाणी 1,01,880 लोकांचे पाय स्कॅन केले गेले. आपले पाय रुंद असतात हे त्यात दिसलं. चपलेत वाढलेल्या माणसाला हे सांगायला स्कॅनर लागत नाही, पण बूट बनवणाऱ्याला लागतो. तेव्हा बूट घ्यायला संध्याकाळी जावं, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. नव्या बुटात टाच किंचित उचलली गेली तर घाबरू नये, तळ वाकायला लागला की ते कमी होतं. चवड्याला आवळणारा बूट मात्र 'सैल होईल हो' म्हणणाऱ्याच्या भरवशावर घेऊ नये. मी घेतला होता.

काकांनी तळ पाहिला तेव्हा त्यांचा चेहरा जरा उजळला. चामड्याची एक पट्टी बुटाच्या कडेने फिरते. वरचं चामडं आणि आतला तळ या पट्टीला शिवलेले असतात आणि बाहेरचा तळ वेगळ्या शिवणीने फक्त पट्टीला. मधल्या पोकळीत बुचाचा भुगा. पट्टीचं हे काम यंत्राने होऊ लागलं ते 1870 च्या आसपास, आणि त्याला नाव मिळालं गुडइयर वेल्ट, रबरवाल्या गुडइयरच्या मुलाचं. बाहेरची शिवण उसवली की वरच्या चामड्याला सुईही न लावता नवा तळ बसतो. चिकटवलेल्या फोमच्या तळाचं असं नसतं. सिंहगडाच्या पायवाटेवर कुणाच्या तरी ट्रेकिंग शूजचा तळ जिभेसारखा लोंबताना पाहिला नाही असा पुणेकर विरळा. 'वापरलेच नव्हते हो, कपाटात होते' असं तो सांगतो आणि ते खरं असतं. त्या पॉलियुरेथेनमधले बंध हवेतल्या दमटपणाने कपाटातच तुटत राहतात.

"तळ नवा लावतो, टाच बदलतो," काका म्हणाले. मी खिळे मारू नका म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. रापीने कड सोलून त्यांनी आरीचं टोक पट्टीतल्या जुन्याच भोकात घातलं. नवी भोकं पाडत गेलं तर पट्टी टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाटते.

"आणि चीर?"

"ती नाही भरायची. आतून पातळ ठिगळ देतो सोल्युशनने, पुढे पळणार नाही. गुरुवारी या."

गुरुवारी गेले तेव्हा बूट तयार होते. दोन्हींच्या आत ठासून भरलेली रद्दी होती, आणि ती काढायला त्यांनी मला दोन दिवस मनाई केली.