गरोदर मातांची एचआयव्ही मोजणी : निनावी नळीपासून बाळाच्या तपासणीपर्यंत

१९९८ पासून देशभरातल्या ठरावीक रुग्णालयांत, प्रसूतीपूर्व तपासणी विभागात एचआयव्हीची पाहणी होऊ लागली. प्रत्येक केंद्रातून ओळीने येणाऱ्या ४०० गरोदर बायकांचे नमुने घ्यायचे. सिफिलिसच्या तपासणीसाठी रक्त काढलेले असेच. त्यातले उरलेले वेगळ्या नळीत जायचे. नळीवर नाव नाही, फक्त क्रमांक. सोबतच्या अर्जात वय, राहण्याचे ठिकाण, शिक्षण अशी मोजकी माहिती. पॉझिटिव्ह निकाल आला तरी तो कोणाचा हे कुणालाच कळणार नाही, अशीच रचना होती.

बाईची संमती न विचारता होणाऱ्या या मोजणीचा वाद इथेच आहे. संमती विचारली की काहीजणी नकार देतात, आणि संसर्ग त्यांच्यातच जास्त असेल तर अंदाज चुकतो, असे या पद्धतीचे समर्थक सांगत. नाव फुटले तर सासरी काय होते, हेही सगळ्यांना ठाऊक होते. मुद्दा खरा होता, पण बाईला देण्यासारखे औषध हाती नव्हते तोवरच. गरोदरपणात झिडोवुडिन हे एचआयव्हीविरोधी औषध दिले तर बाळाला होणारा संसर्ग सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येतो, हे १९९४ मध्येच सिद्ध झाले होते. त्यानंतर वर्षभरात अमेरिकेने नवजात बाळांची निनावी पाहणी थांबवली. आपल्याकडे ती पद्धत देशभर नेली गेली ती त्याच्याही नंतर, आणि २००२ मध्ये आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आल्यावरही चालू राहिली. त्याच इमारतीत समुपदेशन व ऐच्छिक तपासणीची सोय असे, हे उत्तर मला अपुरे वाटते. तिथवर न पोचलेल्या बाईचा संसर्ग फक्त सरासरीत मोजला गेला. २०१७ च्या कायद्यानेही निनावी पाहणीला संमतीतून सूट दिली. पाहणीचा उद्देश सांगणे मात्र बंधनकारक केले.

२००२ च्या कार्यक्रमात कळा सुरू होताच आईला नेव्हिरापीनची एक गोळी आणि जन्मानंतर ७२ तासांत बाळाला त्याच औषधाचे थेंब मिळत. आईच्या स्वतःच्या आजारासाठी मोफत एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे) २००४ मध्ये, तीही आधी मोजक्या राज्यांत सुरू झाली. महाराष्ट्र त्यांत होता. नाव सासरच्या गावी नोंदवायचे आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचे, या आपल्या रीतीत पाठपुरावा सुटायचा. २०१४ पासून प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर महिलेला आजन्म एआरटी देण्याचे धोरण देशभर लागू झाले.

आता नजर बाळावर आहे. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे ठिपके कागदावर घेतात आणि त्यांत थेट विषाणूचा शोध घेतात. नेहमीची चाचणी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) शोधते, आणि आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात बराच काळ टिकत असल्याने पक्का निकाल अठराव्या महिन्यात, स्तनपान सुटल्यावर मिळतो. स्तनपान करणाऱ्या समाजात आईकडून बाळाला होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली, ही त्याच्या निर्मूलनाची एक जागतिक अट. त्यामुळे मधल्या काळात ऊसतोडीला किंवा शहरात कामाला गेलेल्या कुटुंबाचे बाळ अठराव्या महिन्याला सापडले नाही, तर ते कोणत्या रकान्यात धरले यावर राज्याची टक्केवारी बदलते.